माईची सटवी

रुचिराने ते भेंडी चिरता चिरता सांगितलं. मांजर ना, सोडलं हो तिला दापोड्याला. ह्यांच्या ओळखीचं गोदाम आहे तिथे, कडधान्याच्या गोण्या असतात, उंदीर चिक्कार, मजेत राहील. एवढं बोलून भावजयीने एक किडकी भेंडी बाजूला काढली आणि यामिनीला विचारलं, चहा ठेवू का?

चहा! यामिनीच्या डोक्यात तिडीक गेली. आईला, माईला, जाऊन अजून महिना झाला नव्हता. भिवंडीच्या त्या घरात जिथे माईची खाट होती तिथे आता नवा सोफा आला होता, आणि सोफ्याला नखं नकोत म्हणून माईच्या मांजराची पाठवणी झाली होती. कशी, तर गोणीत घालून, तोंड सुतळीने आवळून, स्कूटरवर पायांपाशी ठेवून. वाटेत भावाने, अनयने, गाडी थांबवून गोण गरगर फिरवलीसुद्धा, म्हणजे दिशा चुकेल आणि परत यायची नाही. मांजर सोडायचं ते असंच सोडतात, त्यात काय एवढं, असा रुचिराचा सूर होता.

त्यात काय एवढं, ते आता ऐका. माईच्या दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. बायकांनी घाटावर यायचं नसतं म्हणणाऱ्या आत्याला न जुमानता यामिनी तिथे गेली होती, त्यामुळे तिने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कावळा होता, नव्हता असं नाही. समोरच्या चिंचेवर बसून मान वाकडी करून तो सगळ्यांकडे बघत होता. अनय हात जोडून एकेक कबूल करत गेला. माई, घरातलं देवाचं काही चुकवणार नाही. माई, तुझी खोली भाड्याने देणार नाही. कावळा ढिम्म. मग कुणीतरी कानात सांगितलं म्हणून तो म्हणाला, माई, ताईचं माहेर तुटू देणार नाही. यामिनीने श्वास रोखून वर पाहिलं. कावळ्याने पंख खाजवले.

गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला तेव्हा अनय वैतागून म्हणाला, "माई, तुझ्या सटवीला शेवटपर्यंत सांभाळीन. झालं?" आणि ते पाखरू सरळ खाली आलं आणि पिंडाला चोच लावून गेलं. सगळ्यांनी सुटलो बुवा म्हणून हात जोडले. यामिनीने मात्र ती गोष्ट मनाला लावून घेतली. आईचा जीव अडकला होता तो मांजरात, लेकीत नाही. रडूही येईना आणि कुणाला सांगायचीही सोय नाही.

तर असा तो शब्द होता, आणि असा तो नव्या सोफ्यापायी पाळला गेला. यामिनीच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. पण तिने राग गिळला आणि वर रुचिराने दिलेला चहाही गिळला. ती अशीच होती. शाळेत यामिनीबाईंचा चढा आवाज पोरांनी कधी ऐकला नव्हता, आणि ह्याचा तिला अभिमान होता. कारण माईचं तोंड! अख्ख्या आळीला ते तोंड ठाऊक होतं. सकाळी डोळा उघडल्यापासून पट्टा सुरू, दूधवाल्यापासून देव्हाऱ्यातल्या देवापर्यंत कुणाची सुटका नाही. मांजर बाहेरून आलं की, "उलथलीस? कुठे तोंड काळं करून आलीस सटवे? गिळ आता." हाच मंत्र. शाळेतून आलेल्या लेकीलाही हाच. मांजराचं तर त्यातूनच नाव पडलं, सटवी. यामिनीने दहावीत असतानाच ठरवून टाकलं होतं की काही झालं तरी आपण असं बोलायचं नाही.

दापोडं तिच्या घरापासून लांब नव्हतं. ती काल्हेरला नव्या बिल्डिंगमध्ये राहायची. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती रिक्षा करून गोदामावर गेली. तिथला वॉचमन काळूराम, त्याच गावचा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. मांजर म्हटल्याबरोबर त्याने कपाळावर हात मारला.

"बाय, ती तुमची हाय का? ती उंदराला घाबरते ना. काल उंदीर खाली नि ही वर, थप्पीवर. मी सुकट टाकली, तर नाक मुरडून गेली."

घाबरणारच! जन्मभर माईच्या हातचा दूधभात खाल्लेलं मांजर ते. माशाचा वास त्या घराच्या उंबऱ्याला लागला नव्हता, आणि उंदीर तिने कधी पाहिला असेल तर गणपतीच्या पायाशी. म्हणे मजेत राहील! गोण्यांची थप्पी पार पत्र्यापर्यंत चढलेली, आणि तिच्या टोकावर सटवी बसलेली होती. पांढऱ्या अंगावरचे तांबूस डाग धुळीने मळून गेलेले, पोट खपाटीला लागलेलं, डोळे भोकरासारखे. यामिनीला भावाचा भयंकर संताप आला. पण आवाज तिने लोण्यासारखा मऊ केला. "ये गं सोनू, ये ना बाळा. सटवी, मी आहे ना, यामिनी."

सटवीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग ती रोज जायला लागली. दूधभात कालवून न्यायचा, थप्पीच्या बुडाशी ठेवायचा, लांब स्टुलावर बसायचं आणि गोड गोड हाका मारायच्या. ती गेल्यावर भात संपत असे, हे काळूराम सांगायचा. ती असताना मांजर हलायचं नाही. एका संध्याकाळी मात्र ते दोन गोण्या खाली उतरलं, दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. यामिनीला हुरूप आला. घरी देवेशला, म्हणजे नवऱ्याला, तिने सांगून टाकलं की मांजर येणार आहे, सोसायटीचा सेक्रेटरी काय म्हणेल ते मी बघीन.

घाई करायलाच हवी होती. शनिवारी गोदामात औषध सोडणार होते. शटर बंद करून, फटी चिकटपट्टीने बुजवून किडीसाठी विषारी गोळ्या ठेवायच्या आणि मग चार-पाच दिवस कुणी आत जायचं नाही. "आत राहिलं ते मेलं बगा," काळूराम म्हणाला, "उंदीर न्हाय, पाल न्हाय, कायच न्हाय."

आणि शुक्रवारी ह्याच भल्या माणसाने घोळ घातला. मांजर छातीएवढ्या उंचीवर आलेलं पाहून त्याला वाटलं, बाईंना मदत करावी. त्याने एक रिकामी गोण उचलून झटकली. बस्स. त्या आवाजासरशी सटवी जी सुसाट वर गेली ती थेट छताचा पत्रा पेलणाऱ्या लोखंडी कैचीवर जाऊन बसली आणि घशातून असा काही आवाज काढू लागली की ऐकवेना. आठवड्याची मेहनत मातीत गेली. यामिनीच्या तोंडात काळूरामसाठी शब्द आले होते, तेही तिने गिळले. म्हातारा बिचारा हातातली गोण मागे लपवून उभा होता. रागवायचं तर गोणीत घालणाऱ्यावर, झटकणाऱ्यावर काय रागवायचं?

शनिवारी शाळा अर्धी. ती पोचली तेव्हा औषधवाले आलेच होते. मागच्या फटी बुजवून झाल्या होत्या. त्यांच्यातला मोठा भला होता. म्हणाला, मॅडम, आम्ही समोर चहा पिऊन येतो तोवर काढा, नाहीतर आमचा इलाज नाही. यामिनी आत गेली. सटवी कैचीवरून खाली आली होती, पण थप्पीच्या टोकालाच होती. डबा उघडला, हाका मारल्या. सोनू झालं, राणी झालं, शहाणी झालं. विनवण्या करून झाल्या. मांजर तिकडे तोंड करून बसलं होतं.

आणि तेवढ्यात फोन वाजला. अनयचा. गोदामाच्या मॅनेजरने त्याच्याकडे तक्रार केली होती म्हणे. ताई, तू तिथे रोज जाऊन काय तमाशा मांडलायस? लोक मला हसतायत. घरी जा बघू, मांजरच आहे ते.

"अनय," ती हळूच म्हणाली, "तू माईला शब्द दिला होतास."

तो हसला. हसला मेला! म्हणाला, "अगं, कावळ्याला भूक लागली म्हणून शिवला तो. माई काय आता बघायला येतेय?"

झालं. इतकी वर्षं गिळून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

"मुडद्या, तोंड वर करून सांगतोस मला? बघायला येत नाही म्हणून आईला फसवायचं? घाटावर हात जोडून उभा होतास तेव्हा लाज होती, सोफा आल्यावर कुठे गेली रे ती? मुक्या जिवाला गोणीत कोंबलंस, वर गरगर फिरवलंस! तुलाच घालते गोणीत आणि फिरवते, थांब, मग सांग मला घर कुठे आहे ते! शिकलास, सवरलास, आणि अक्कल कुठे गहाण टाकलीस रे मेल्या?"

पत्र्याखाली तो आवाज असा घुमला की बाहेर कुणीतरी ट्रकचं इंजिन बंद केलं. औषधवाले हातातले कप घेऊन दारात आले. यामिनीला कशाचं भान नव्हतं. ती भावाचा उद्धार करत होती, मग रुचिराचा, मग सोफ्याचा, मग त्या कावळ्याचासुद्धा. काळूरामने दारातूनच हात केला आणि बोटाने थप्पीकडे दाखवलं.

सटवी उतरत होती. एक गोण, दुसरी गोण, शेपटी ताठ, डोळे यामिनीवर. आश्चर्याने यामिनी बोलायची थांबली, तर मांजरही थांबलं. कान मागे गेले, उचललेला पाय तसाच राहिला. यामिनीने कसाबसा गोड आवाज काढला, "ये गं बाळा." मांजर एक गोण वर सरकलं.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ह्या मांजराशी गोड कोण बोललं होतं जन्मात? अनय बोलला असेल, गोणीत घालताना.

"आणि तू गं भवानी," तिने पुन्हा आवाज चढवला, "आठवडाभर नाचवतेस मला? मी काय तुझी मोलकरीण आहे? उतर खाली! वर बसून काय बघतेस टकामका? एवढ्या गोण्या पडल्यात आणि एक उंदीर धरता येईना तुला, नुसती खायला काळ आणि भुईला भार! उतर म्हणते ना सटवे!"

सटवी उतरली. सरळ चालत आली, यामिनीच्या पायांना अंग घासलं आणि ती खाली बसताच मांडीवर चढून तिच्या कोपरात डोकं खुपसलं. यामिनी रडत होती आणि शिव्या देत होती. थांबायची सोय नव्हती, थांबलं की ते अंग ताठ व्हायचं. फोन अजून चालूच होता. तिने तो कानाला लावला.

पलीकडून अनय दबक्या आवाजात म्हणाला, "ताई... मला क्षणभर वाटलं, माईच बोलतेय."

हे वाक्य ऐकायला लागू नये म्हणून तिने अख्खा जन्म आवाज खाली ठेवला होता.

"मग कुणासारखी बोलू?" ती म्हणाली. "तिचीच लेक आहे मी. आणि तुझा शब्द आता मी पाळते आहे, हे वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर सांगणार आहे. ठेव फोन."

गोणीबिणीचा प्रश्नच नव्हता. ओढणीत मांजर छातीशी धरून ती बाहेर आली. औषधवाल्यांनी शटर खाली ओढलं. काळूरामने रिक्षा थांबवून दिली. दापोड्यापासून काल्हेरपर्यंत रस्त्याला जेवढे खड्डे होते तेवढ्या यामिनीने शिव्या घातल्या, मांजर घाबरू नये म्हणून. खड्ड्यांना, ट्रकवाल्यांना, पालिकेला, अनयला. शेवटी रिक्षावाल्याने आरशातून बघत चाचरत विचारलं, "दीदी, मैंने क्या किया?" तिने त्यालाही सुनावलं, की बाबा तू काही केलं नाहीस, तू पुढे बघ.

घरी देवेशने दार उघडलं आणि बायकोचं तोंड ऐकून तो दोन पावलं मागेच सरकला. यामिनीने मांजर स्वयंपाकघरात नेऊन सोडलं. ते ओट्याखाली अंग चोरून बसलं. तिने डब्यातला दूधभात ताटलीत काढून पुढे सारला. मांजराने वास घेतला आणि मान वर करून नुसतं तिच्याकडे बघत राहिलं. कशाची तरी वाट बघत होतं. कशाची, ते यामिनीला ठाऊक होतं. शाळेत असताना माईचं ते वाक्य कानावर पडलं की यामिनी ताटावरून उठायची, दप्तर उशाला घ्यायची आणि उपाशी झोपायची. माई मग बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी आपटत राहायची, आणि सकाळी ताट तसंच झाकून ठेवलेलं असायचं.

"बघतेस काय सटवे?" यामिनी म्हणाली. "गिळ आता."

सटवी जेवायला बसली.