तळहाताएवढी उरलेली पँट

मी एक जुनी राखाडी सुती पँट आहे. आहे म्हणते खरी, पण मित्रांनो, आज मी जेमतेम तळहाताएवढी उरले आहे. का, ते सांगते. गोड आवाजात मात्र सांगणार नाही. पँटला डोके नसते हे मला ठाऊक आहे, तरीही ते तापलेले आहे.

मला एका शिंप्याने आपल्या धाकट्या बहिणीसाठी शिवले. या बाई दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होत्या आणि रोज सात किलोमीटर सायकलने जायच्या. "सायकल सोडलीत तर गुडघा आखडेल," असे डॉक्टरांनी त्यांना बजावले होते. शिंप्याने बहिणीला उभे करून मापे घेतलीच नाहीत. दुकानाच्या भिंतीला सायकल टेकवली आणि म्हणाला, "बस वर. आता गुडघा उचल. अजून उचल. कुठे आवळतं ते सांग."

"दादा, लोक बघतायत!"

"बघू देत. पँट त्यांना घालायची नाहीये."

मग त्याने माझी मागची कंबर चार बोटे उंच ठेवली, म्हणजे वाकल्यावर पाठ उघडी पडणार नाही. घोट्याशी बटण लावले, म्हणजे चेनमध्ये कापड अडकणार नाही. आणि दोन्ही पाय जिथे मिळतात तिथे एक चौकोनी जादा तुकडा जोडला, म्हणजे पाय हवा तेवढा फाकेल आणि जाड शिवण सीटवर बोचणार नाही. नऊ वर्षे मी घाम प्यायले, धूळ खाल्ली, पण एकदाही उसवले नाही. सायकलवाली म्हातारी माणसे सिग्नलला थांबून विचारायची, "कुठे शिवलीत हो?" तेव्हा मला फार बरे वाटायचे.

मग प्रयोगशाळेत नवे साहेब आले. गाडीतून यायचे, गाडीतून जायचे. सगळे एकसारखे दिसले पाहिजेत म्हणून त्यांनी काळी, तंग, कडक इस्त्रीची पँट ठरवली. नमुन्याला एकाला आरशासमोर उभे केले, मान डोलावली, झाले. उभे केले! बसवून बघितले नाही, वाकवून बघितले नाही. अहो, पुतळ्याला कपडे घेत होतात की माणसांना?

बाईंचाही मला राग आला. नऊ वर्षांची सोबत, आणि तोंडातून ब्र काढला नाही. तिसऱ्याच दिवशी भर चौकात त्यांनी सायकलवर टांग टाकली आणि ती काळी भवानी टर्रकन फाटली. मागचे लोक फिदीफिदी हसले. बाई पिशवी मागे धरून, सायकल हातात घेऊन चालत घरी आल्या. त्यांनी ती पँट शिवून घेतली, पण सायकलला हात लावला नाही. त्या बसने जाऊ लागल्या, सायकलवर टॉवेल वाळू लागले. आणि मी? "आई, ही आता कशाला हवी?" म्हणत लेकीने माझा एक पाय कापून फरशीचे फडके केले. नऊ वर्षांची चाकरी अशी फळाला आली.

दीड महिन्यात व्हायचे तेच झाले. गुडघा आखडला. बाई कठडा धरून एकेक पायरी चढू लागल्या. एका रविवारी दुपारी त्या माझ्याच कापलेल्या पायाने फरशी पुसत होत्या, आणि त्यांना उठताच येईना. खाली बसल्या बसल्या त्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिल्या.

"कात्री आण गं," त्या लेकीला म्हणाल्या. "ती राखाडी पँटही आण, असेल तेवढी."

मला वाटले, आता उरलासुरला पायही गेला. पण बाईंनी हळूहळू टाके उसवले, शिंपीदादाचा तो चौकोन सोडवला आणि काळ्या पँटीत बसवला.

"आई, दिसेल ना ते!"

"दिसू दे. पँट लोकांना घालायची नाहीये."

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर बाई फाटकापाशी सायकलवर चढत असताना साहेबांनी पाहिलेच. "हे काय? काळ्या पँटला राखाडी ठिगळ? शोभतं का?"

या वेळी मात्र बाई बोलल्या. "साहेब, आपण कवळी बनवतो. पेशंटला आरशात हसवून सोडतो का आपण? आधी चावायला लावतो. ही पँट तुम्ही उभी बघितलीत. एकदा सायकलवर बसून बघा, मग ठिगळ काढते."

साहेब सायकलकडे बघून गाडीत जाऊन बसले. नियम बदलला नाही, माफी मागितली नाही, पण बाई पुन्हा रोज सायकलने जाऊ लागल्या. माझ्या बाकीच्या अंगाने आजही फरशी पुसली जाते, आणि मी अशा जागी आहे की कौतुकाची नजर तिकडे कोणी वळवणार नाही.

मित्रांनो, कपडा घेताना आरशाला विचारू नका. खाली बसा, गुडघा उचला आणि गुडघ्यालाच विचारा. आणि कुणाची चांगली जुनी पँट कापायला कात्री उचललीत, तर आधी ती कुणी, कशी शिवली आहे ते उलटून बघा. माझा राग गेलेला नाही. पण काल बाई कठड्याला हात न लावता जिना चढल्या, आणि मी उसवले नाही.