निळ्या डब्यातलं मेण

उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या हार्युकोस्की गावात दोन क्लब होते आणि दोघांची माणसं एकत्र केली तर जेमतेम एक फुटबॉल संघ उभा राहत होता. लाकूडगिरणीच्या खालच्या अंगाला कामगारांचा तोवेरित, वरच्या अंगाला मास्तर-दुकानदारांचा तार्मो. अठरा साली देशात कामगार विरुद्ध धनिक अशी यादवी झाली, तेव्हापासून एका क्लबाच्या माणसाने दुसऱ्याच्या मैदानावर पाय ठेवला नव्हता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हाच चाळीस वर्षांचा कारभार. शेवटी पोरं शहराकडे निघून गेली, अकरा जण भरेनात, तेव्हा दोघांनी नाइलाजाने क्लब एक केला. सदऱ्याचा रंग लाल की निळा यावर तीन बैठका झाल्या आणि कोणालाच न आवडणारा हिरवा रंग ठरला.

पहिल्या उन्हाळ्यात या हिरव्या संघात तोवेरितवाला फक्त तोवेरितवाल्याला चेंडू देत असे. सगळे सामने हरले. मग बर्फ पडलं, त्याच माणसांनी बूट काढून स्की चढवल्या आणि भांडण जंगलात गेलं. मार्चमधल्या जिल्ह्याच्या स्की-रिले शर्यतीनंतर सभा घ्यायची आणि एकत्र राहायचं की पुन्हा वेगळं व्हायचं ते हात वर करून ठरवायचं, असं ठरलं.

तावेत्ती कुइक्काला वेगळं व्हायचं होतं. गिरणीत करवतीला धार लावणारा हा माणूस तोवेरितचा मेणवाला होता. स्कीला कोणत्या थंडीत कोणतं मेण लावायचं हे त्याला बापाकडून आलेलं. डांबर, मधमाश्यांचं मेण आणि आणखी काय काय तो आपल्या शेडमध्ये शिजवी, आणि शिजवताना बायकोलाही दार उघडू देत नसे. आता हे मेण तार्मोवाल्यांनाही द्यायचं म्हणजे त्याच्या पोटात दुखत होतं.

त्यात सुलो. तार्मोचा हा पंचविशीतला गडी रिलेत शेवटचा टप्पा धावणार होता. काही ना काही निमित्त काढून तो शेडशी घुटमळे. कधी लाकडं फोडून देई, कधी नुसताच उभा राही. एकदा तावेत्तीने खिडकीतून पाहिलं, सुलोने बाकाला लागलेलं मेण नखाने खरवडलं, हुंगलं आणि रुमालात बांधलं.

"पाहिलंस?" तो बायकोला, हेल्मीला म्हणाला. "याचा भाऊ शेजारच्या लाउत्तामोत असतो. लाउत्तामोवाले यंदा वाऱ्यासारखे पळतायत, ते काय फुकट?"

"लाउत्तामोवाले दुकानातलं मेण लावतात," हेल्मी कॉफी ओतत म्हणाली. "त्यांच्या दुकानदारीणबाईनेच मला सांगितलं."

"तिला तसं सांगायला लावलं असणार."

"तावेत्ती, तुला उद्या सूर्य उगवला तरी वाटेल तार्मोवाल्यांनीच उगवला."

पण संशय एकदा मानगुटीवर बसला की उतरत नाही. तावेत्तीने डाव रचला. निळ्या डब्यात कडक थंडीचं मेण असे, हे साऱ्या क्लबाला ठाऊक होतं. त्याने त्या डब्यात वितळत्या बर्फाचं मऊ मेण भरलं आणि शर्यतीच्या दोन दिवस आधी सुलोच्या हातात ठेवलं. "रविवारी हेच लाव. कोणाला दाखवू नकोस."

हिशोब सोपा होता. सुलो डबा भावाकडे पोचवणार, कोरड्या थंडीत त्या मऊ मेणाला बर्फ चिकटून लाउत्तामोवाल्यांच्या स्कीखाली गोळे धरणार आणि चोर सगळ्यांसमोर उघडा पडणार. सुलोचं स्वतःचं नुकसान व्हायचं कारण नव्हतं. दुसऱ्याने दिलेलं मेण चालवून बघितल्याशिवाय शर्यतीला उभा राहील असा माणूस त्या मुलखात जन्मलाच नव्हता. सख्ख्या भावाने दिलं तरी लोक आधी झाडीमागे एक चक्कर मारून येत. सुलोही येईल, तक्रार करील, मग त्याला खरं मेण देता येईल. ते तावेत्तीच्या खिशात तयारच होतं.

रविवारी थंडी कडाक्याची होती. लाउत्तामोचा पहिला गडी सुरुवातीच्या झेंड्यापासून सर्रकन निघून गेला. स्कीखाली गोळे नाहीत, काही नाही. तावेत्तीच्या कपाळावर आठी पडली. म्हणजे डबा पोचलाच नाही? की पोरगं आपल्याही वरताण निघालं? तिसऱ्या टप्प्यापर्यंत हिरवे सदरे सगळ्यांच्या पुढे होते. सुलो बदलीच्या जागी स्की घालून उभा होता. तो तक्रार करायला आला नव्हता. झाडीमागेही गेला नव्हता.

तावेत्ती खिशातलं मेण हातात घट्ट धरून उभा राहिला. दहा पावलांवर पोरगं होतं. एक हाक पुरे होती. पण मन म्हणालं, नाटक करतोय लेकाचा, स्वतःचं दुसरं लावून आलाय, तू गेलास की तुलाच तोंडघशी पाडील. तेवढ्यात तिसरा गडी आला, त्याने सुलोच्या खांद्याला हात लावला आणि सुलो निघाला.

पहिल्या चढावरच त्याच्या पायांखाली बर्फ धरलं. लाकडी ठोकळे बांधल्यासारखा तो चालत होता. सगळे संघ पोचले, लोक निम्मे पांगले, तेव्हा तो झाडांतून आला. स्की काढून हातात घेतल्या असत्या तर लवकर आला असता, पण ते नियमात बसत नव्हतं. तावेत्तीला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी कामगारांच्या सभागृहात सगळे जमले. तोवेरितवाले डावीकडे, तार्मोवाले उजवीकडे. पहिला प्रश्न डावीकडूनच आला. "सुलो, मेण कुणाचं होतं?"

तावेत्तीने मान खाली घातली. पोराने खरं सांगितलं की संपलं. तोवेरितच्या मेणवाल्याने तार्मोच्या गड्याला फसवलं, हे पुढची चाळीस वर्षं गावात सांगितलं गेलं असतं.

सुलो उठून उभा राहिला. "लावलं मी. मला लावता आलं नाही. थर जाड झाला असणार."

डावीकडे कोणीतरी हसलं. "तार्मोवाल्यांना मेण कधी कळलंय?"

उजवीकडून म्हातारे शाळामास्तर अहोला उठले. आता उत्तर मिळणार, क्लब फुटणार, असं सगळ्यांना वाटलं. तावेत्तीलाही वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते त्याला नको होतं.

"बरोबर आहे," अहोला म्हणाले. "आम्हाला नाही कळत. मी सुचवतो, इथून पुढे सगळ्या क्लबाच्या स्की तावेत्तीकडे द्याव्यात. तोवेरितच्याही, आमच्याही. एका माणसाच्या हातात असलं की अशी फजिती होणार नाही."

दोन्ही बाजूंचे हात वर गेले. वेगळं व्हायचा प्रश्न कोणी काढलाच नाही.

संध्याकाळी सुलो घसरगाडीवर स्कीचे ढीग लादून शेडपाशी आला. तावेत्तीने या वेळी दार उघडं ठेवलं होतं.

"काका, एक विचारू?" सुलो म्हणाला. "मी तुमच्या बाकावरचं थोडं मेण नेलं होतं. घरी आमच्या सौनात, न्हाणीच्या चुलीवर शिजवून बघत होतो. लहान पोरांच्या स्कीला लावावं म्हटलं. तुम्हाला विचारायची हिंमत झाली नाही. आम्ही पडलो तार्मोचे."

"आणि निळा डबा?" तावेत्तीने विचारलं. "बोटाला चिकटलं नाही ते?"

"चिकटलं ना. वाटलं होतं, हे मऊ आहे."

"मग लावलंस कशाला?"

"तुम्ही दिलं होतं."

तावेत्तीने हातातली स्की बाकावर आडवी ठेवली. "सुलो, ते मेण चुकीचं होतं."

"असं होतं कधी कधी," सुलो म्हणाला. "तुम्हाला वाटलं असेल हवा बदलेल. नाही बदलली."

पुढचं वाक्य तावेत्तीच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. सुलो ढिगातून एकेक स्की उचलून भिंतीला लावत होता, तोवेरितच्या, तार्मोच्या, सगळ्या एकत्र.

"इथून पुढे निघण्याआधी एक चक्कर मारून बघत जा," तावेत्ती म्हणाला. "मेण कुणीही दिलेलं असो."

सुलो हसला. "तुम्ही लावलेलं? ते कशाला बघायचं?"

तो गेल्यावर तावेत्तीने स्कीच्या पहिल्या जोडाला मेण लावलं, तो पायात चढवला आणि अंगणात स्वतःच एक चक्कर मारून बघितली. मग दुसरा जोड घेतला.