नोझुकोच्या बोटांवरच्या रेषा

नोझुकोच्या दहाही बोटांना शाई नीट लागली. कागदावर दहा काळे डाग उमटले. रेषा मात्र एकही उमटली नाही.

मित्रांनो, मी बोटांचे ठसे घेण्याची एक जुनी काच आहे. माझ्यावर शाईचा थेंब टाकून रूळ फिरवतात आणि माणसांची बोटे टेकवतात. दक्षिण आफ्रिकेच्या अननस पिकवणाऱ्या एका गावातील पोलीस ठाण्यात माझे आयुष्य गेले. पूर्वी माझे कौतुक होई. माझ्यावरून घेतलेला ठसा फसत नाही, असे म्हणत. तरीही मला स्पर्श केल्यावर प्रत्येक जण आधी आपले हात पुसतो. एवढी बोटे माझ्यावर टेकली, पण कोणाचाही हात माझ्यापाशी थांबला नाही.

नोझुको पहिल्यांदा आली ती तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून. तिने दुकानातून दुधाच्या भुकटीचा डबा उचलला होता. त्या दिवशी तिचे ठसे स्वच्छ आले. दंड भरून ती सुटली. गुन्ह्याची नोंद राहिली. दहा वर्षे उलटल्यावर अशी नोंद काढून टाकण्यासाठी अर्ज करता येतो, पण त्यासाठी ताजे ठसे राजधानी प्रिटोरियातील पोलीस मुख्यालयाला पाठवावे लागतात. ती दहा वर्षे उलटली, आणि आता गावच्या बालवाडीला स्वयंपाकीण हवी होती. शेजारच्या मुलांना नोझुकोच्या हातचे जेवण आवडे. परंतु नोंद असलेल्या बाईला तिथे काम देता येत नव्हते.

"काय हो मा नोझुको, गुन्हा पुसायचा म्हणून बोटंच पुसून आलात?" सार्जंट झोला हसले. आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने 'मा', म्हणजे आई, म्हणतात.

"बोटं शाबूत आहेत माझी. तुमची काचच म्हातारी झालीय," ती म्हणाली.

प्रिटोरियाहून ठसे दोनदा परत आले. झोलांनी मला निकामी ठरवून खिडकीत ठेवले. तिथे धूळ बसली. माझ्याकडे कोणी पाहीना, आणि बाहेरच्या बाकावर नोझुको एकटीच बसलेली मला दिसे.

मग तिने वकील केला. वकील तेम्बेलाबाई आल्या, त्यांनी मला खिडकीतून उतरवून पुसले.

"दोष काचेचा असेल," झोला म्हणाले, "नाहीतर हिनं मुद्दाम बोटं घासली असतील."

"असेल-नसेल कशाला? बघू या की. आधी तुमचा अंगठा द्या."

झोलांच्या अंगठ्याची रेषा न् रेषा उमटली. मग वकीलबाईंनी नोझुकोबरोबर आलेल्या दोघींना आत बोलावले. त्या नोझुकोबरोबरच अननस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात अननस कापत. त्यांचेही नुसते डाग उमटले.

"अगं बाई! म्हणजे आता आपण चोरी केली तर सापडणारच नाही!" एक जण म्हणाली.

"सार्जंटसमोर बोल आणखी," दुसरीने तिला कोपरखळी मारली.

मग त्याच कारखान्यात डब्यांना लेबले चिकटवणाऱ्या एका बाईला बोलावून घेतले. तिचे ठसे मात्र स्पष्ट आले.

"हातमोजे नाही का घालत?" वकीलबाईंनी विचारले.

"सुरी निसटते, सिसी," नोझुको त्यांना ताई म्हणावे तसे म्हणाली. "आणि फाटक्या मोज्यात रस साचतो तो वेगळाच."

वकीलबाईंनी बालवाडीला अननसाचा हंगाम संपून बोटे बरी होईपर्यंत जागा राखून ठेवायला लावली. हंगाम संपला, अननस कापण्याचे काम थांबले. नवी त्वचा आली, तिच्याबरोबर रेषाही आल्या. ठसे स्वीकारले गेले, नोंद निघाली.

शेवटचे ठसे दिले त्या दिवशी नोझुकोने आधी मला पुसले, मग आपले हात. ती पुन्हा आली नाही. येऊ नये, असेच मला वाटते. मित्रांनो, काम झाल्यावर माझ्यासारख्या काचेवर शाई सुकू देऊ नका. आणि ठसा बिघडला तर माणसावर संशय घेण्याआधी त्याच्या हातांना काय काम पडते, ते विचारा.

कारण साधे होते. अननसाच्या रसात त्वचेतील प्रथिने तोडणारे द्रव्य असते. रोज उघड्या हातांनी कापल्यामुळे नोझुकोच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. आणि ती अननस कापत होती, कारण नोंद असलेल्या बाईला गावात दुसरे कोणतेही काम मिळत नव्हते.