शिंपल्याच्या पानाखालची थरथर

मित्रांनो, काठी म्हटले की तुमच्यापैकी कुणाला म्हातारपण आठवेल, कुणाला पाठीवरचे वळ. मी त्या घराण्यातली नाही. हिरव्या कापडाच्या टेबलावर पांढऱ्या चेंडूला टोला देऊन रंगीत चेंडू भोकात पाठवायचे, त्या पूल नावाच्या खेळाची मी एक जुनी काठी आहे. मला क्यू म्हणतात. दिसायला देखणी, पण जन्मापासून भित्री. का, ते सांगते.

काठ्या घडवणाऱ्या एका मामांनी मला आपल्या भाचीसाठी घडवले. तिची निवडस्पर्धा जवळ आली होती. जिंकली तर तिला संघात जागा मिळणार होती. मामांनी शिसवी लाकूड लेथवर चढवले. जाड मूठ आणि निमुळता पुढचा भाग पेचाने जोडला. मुठीवर शिंपल्यातून कापलेली नक्षीची पाने जडवली. तेवढ्यात भाची म्हणाली, "मामा, सांध्यापाशी ओकंबोकं दिसतंय. तिथं पण एक पान हवं."

सांध्याजवळ मामा कधी पटाशी लावत नसत. पण भाचीचा हट्ट! त्यांनी तिथे खोबण कोरली आणि लाकूड पापुद्र्यासारखे पातळ झाले.

काठी तयार झाली की तिचे बूड जमिनीवर हलकेच आपटायचे आणि कान द्यायचा, ही मामांची रीत. मला आपटले. बाकीच्यांना नुसते 'टक्' ऐकू आले. त्यामागची बारीक थरथर मला जाणवली, आणि मामांनाही. त्यांचा चेहरा उतरला. कोपऱ्यात बिघडलेल्या काठ्यांचे तुकडे पडले होते, शेजारी करवत होती. माझी तर बोबडीच वळली. मामा, बोलू नका हो, असे मी मनात म्हणत राहिले.

आणि मामा खरेच बोलले नाहीत.

मामी म्हणाल्या, "अगं बाई, हिनं खेळायचं की हिला मिरवायचं?" भाची मला उराशी धरून नाचली. जसजसे कौतुक वाढले, तसतशी माझी धडधड वाढली.

सरावात सरळ मारलेला चेंडू किंचित बाजूला जाई. भाची म्हणे, "माझाच हात बिघडलाय." खांदा दुखेपर्यंत ती तोच फटका मारत राही. मामा नजर चोरत. मी गारठून जाई. करवतीच्या भीतीने मी गप्प होते, आणि माझ्यामुळे एका मुलीचा स्वतःवरचा विश्वास उडत चालला होता.

शेवटी ती रडकुंडीला आली. "मामा, मी नाव मागे घेते."

तेव्हा मामांनी माझी मूठ आणि सरावाच्या जुन्या काठीची मूठ एकसारख्या फडक्यात गुंडाळली. "डोळे मीट. दोन्हींनी मार. बरी कुठली ते सांग."

भाचीने दोन्हींनी टोले दिले. "दुसरी. चेंडूला टोला कसा लागला ते ती हाताला सांगते. पहिली नुसती झिणझिणते."

मामांनी फडकी सोडली. पहिली मीच होते.

"चूक माझी, पोरी," मामा म्हणाले. "त्याच दिवशी कळलं होतं. तू एवढी खूश होतीस, जीभच रेटली नाही."

"मामा! आणि मी स्वतःलाच बोल लावत बसले?" ती फुरंगटून खिडकीशी गेली. जुनी काठी तिच्या उंचीला आखूड पडत होती, म्हणून तिच्यावर भागण्यासारखे नव्हते. थोड्या वेळाने ती वळली. "काढा ते पान."

"ठिगळ दिसेल बरं का."

"दिसू दे. चेंडूला कुठं डोळे असतात?"

करवत माझ्याकडे आली तेव्हा मला वाटले, संपले सगळे. सांध्याजवळचा, पानाखालचा तेवढाच भाग कापून मामांनी तिथे साध्या फिकट लाकडाचा तुकडा चिकटवला.

स्पर्धेच्या दिवशी कुणीतरी हसले, "काठीला प्लास्टर घातलंय वाटतं!" मी मात्र एकाच धास्तीत होते: डिंक सुटला तर? भाचीने नेम धरला. टोला बसला. थरथर नव्हती. चेंडू जिथे पाहिजे तिथेच गेला, आणि त्यानंतरचेही. संध्याकाळी तिचे नाव संघात होते.

आम्ही पुष्कळ वर्षे खेळलो. मग तिच्या हाती नवी, हलकी काठी आली आणि माझी रवानगी दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत झाली. ठिगळ भिंतीकडे, पाने पाहुण्यांकडे. "काय सुंदर!" म्हणून लोक चहा प्यायला वळतात. दुपारचे ऊन रोज माझ्या एकाच अंगावर पडते, आणि एका बाजूने तापलेले लाकूड वाकते. मी वाकत चालले आहे का, हे मलाही कळत नाही.

मित्रांनो, देखणी वस्तू हाती आली तर तिला वापरून पाहा. खोट आढळली तर प्रेमाने, पण लगेच सांगा. आणि मला एकदा या पेटीतून बाहेर काढा. वाकले असेन तर वाकली म्हणा. करवतीची भीती मला आजही वाटते, खोटे कशाला बोलू? पण जो तो न खेळता नुसतेच 'सुंदर' म्हणत राहील, याची भीती त्याहून मोठी आहे.