उजव्या कोपऱ्यातली तारीख

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा रकाना आहे. संगणकात साठवलेल्या एका पत्राच्या उजव्या कोपऱ्यात मी राहतो. पत्र उघडलं की त्या दिवसाची तारीख दाखवायची, एवढंच मला येतं.

एका निवृत्त टंकलेखकांनी मला घडवलं. पहिल्यांदा जमलं तेव्हा त्यांनी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं. "बघ, तारीख आपोआप येते."

"बरं झालं. तुम्हाला वार तरी कुठे आठवतो?" त्या हसून म्हणाल्या. खरं तर नवऱ्यापेक्षा त्यांनाच संगणक लवकर उमगला होता.

पुढे त्यांची एकुलती एक मुलगी बाबांशी भांडून घर सोडून गेली. चौथ्या दिवशी बाबांनी तिला पत्र लिहिलं, ‘चूक माझी होती. घरी ये.’ वर मला बसवलं. पण माणूस मानी. आधी तिने फोन करावा, म्हणून पत्र पाठवलंच नाही. नऊ वर्षं ते अधूनमधून पत्र उघडून वाचत आणि मी इमानेइतबारे नवी तारीख घालत असे.

आई वारल्यावर मुलगी आली. चार दिवस दोघं जेवणाच्या टेबलाशी मुकाट बसली. पाचव्या दिवशी बाबांनी तिला पत्र दाखवलं. तिची नजर आधी माझ्यावर पडली.

"आज लिहिलंत?"

"नाही गं. तू गेलीस त्याच आठवड्यात."

"तारीख आजची आहे, बाबा. एकटे पडलात, म्हणून आता सुचलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांच्या खरेपणावर मीच पाणी फिरवलं होतं.

मुलगी मुद्रितं तपासण्याचं काम करते. हाताच्या सवयीने तिने समासातल्या लपलेल्या टिपा उघडल्या. तिथे आईची एक टीप होती. बाबांनीही ती कधी पाहिली नव्हती.

‘पत्र छान झालंय. आता ताठा सोडा आणि पाठवा. पोर वाट बघत असेल.’

टिपेची तारीख माझ्यासारखी बदलत नाही. ती नऊ वर्षांपूर्वीचीच होती, मुलगी गेल्याच्या चौथ्या दिवसाची.

तिने टीप दोनदा वाचली. "खरंच बघत होते वाट," ती म्हणाली आणि बाबांचा हात धरून रडली.

आता ती मला पुसून तिथे जुनी तारीख टंकणार आहे, म्हणून घाईने सांगतो. मित्रांनो, जपायच्या पत्रावर तारीख आपल्या हाताने घाला. आणि माया वाटली, तर पत्र पाठवून मोकळे व्हा. नऊ वर्षांत मी कितीतरी तारखा दाखवल्या. त्यांतली कुठलीही चालली असती.