दोन पंख्यांचं पुस्तक

"दोन?" देवळाचे कारभारी डीकन ओडमनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर घेतला आणि हातातला कागद उजेडाकडे धरला. "सिस्टर ओझेला, ही छपाईची चूक असणार. पाचातले दोनच?"

"छपाई अजून झालीच नाही, तर चूक कुठून व्हायची?" ओझेला टार्पली ओसरीतल्या झोपाळ्यावर बसून चवळीच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "दोन म्हणजे दोन. एक भाषेला आणि एक मांजराला. मांजर फार गोड उतरलंय."

"अहो, पाळकीणबाईंचं पुस्तक आहे ते!"

"म्हणून तर दोन दिले. दुसऱ्या कुणाचं असतं तर नुसत्या मांजरावर भागवलं असतं."

टॉलिव्हर गावात काळ्या ख्रिस्ती लोकांच्या स्वीटगम मंडळीचं रविवारचं पत्रक निघतं, त्याचं शेवटचं पान ओझेलाचं. मंडळीत प्रत्येक बाई सिस्टर, तशी तीही. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून ती दोनच जातींची पुस्तकं वाचायची. एक, उबदार रहस्यकथा: ज्यात माणूस मरतो पण रक्त दिसत नाही, शिव्या नाहीत, बिछाने नाहीत आणि खुनी सापडेपर्यंत कुणीतरी केक भाजत असतं. दुसरी, जुन्या काळच्या कादंबऱ्या. वाचायची आणि लोकांना सांगायची, घ्या किंवा घेऊ नका. तारे-बिरे तिला मान्य नव्हते. ती पंखे द्यायची. देवळाच्या बाकात खोचलेले असतात ना, पुठ्ठ्याचे, काडीवाले, पाठीवर अंत्यविधीवाल्याची जाहिरात असलेले, ते. पुस्तक वाचता वाचता अंगाला घाम फुटला आणि हात आपोआप पंख्याकडे गेला, तर ते पुस्तक जिवंत, असा तिचा हिशेब. चोर कोण, खुनी कोण, हे मात्र जीव गेला तरी सांगायचं नाही. किराणाच्या दुकानात बायका तिला कोपऱ्यात गाठायच्या, "एवढंच सांग गं, माळ्यानंच केलं ना?" आणि ही म्हणायची, "माळ्याला विचार."

"रविवारी मंडळीचा स्थापनादिन आहे," डीकन ओडम काकुळतीला आले. "बाहेरगावची माणसं येणार. पाळकीणबाईंनी आपल्याच देवळाच्या घंटेवर कादंबरी लिहिली, आणि आपल्याच पत्रकात दोन पंखे? पाळकसाहेबांना अजून ठाऊक नाही. त्यांच्या मनाला काय वाटेल, याचा तरी विचार करा."

हा बाण मात्र बरोबर लागला. पाळक हेन्सवर्थ यांच्या उपदेशासाठी ओझेला आजारपणातही उठून जायची. पूर्वरंगात ते साधं बोलायचे, शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तसं. मग एखाद्या शब्दावर आवाज किंचित लांबायचा, थर्मन ऑर्गनवर हळूच एक सूर ठेवायचा, आणि पुढं उपदेश कधी गाणं झाला ते कुणालाच कळायचं नाही. ओझेलाचा रुमाल भिजून जायचा. नवरा गेला त्या वर्षी तिला जगवलं ते डॉक्टरांनी नव्हे, त्या गाऊन सांगितलेल्या वचनांनी. त्या माणसाचं मन दुखवायचं?

"पाच करा," डीकन म्हणाले. "नाहीतर पान काढावं लागेल. या रविवारचं नाही, कायमचं."

ओझेलानं एक शेंग उघडली, दाणे वाटीत पाडले.

"दोनाचे पाच करायचे चमत्कार प्रभूचे, डीकन. माझ्याच्यानं होत नाहीत. काढा पान."

दुसऱ्या दिवशी पाळकांची बायको क्लॉडीन हेन्सवर्थ स्वतः आली. पुढच्या दारानं नाही, मागच्या. मागच्या दारानं येणं हा मैत्रिणीचा हक्क, आणि तो हक्क ती रागातही सोडणार नव्हती. स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून बसली, टोपलीतल्या मूठभर शेंगा पुढ्यात घेतल्या आणि सोलायला लागली. शेंगा अशा तुटत होत्या की जणू त्यांनीच काही गुन्हा केला होता.

"माझ्या तोंडावर सांग, ओझेला."

"भाषा सुंदर आहे तुझी."

"ते लिहिलंयस. पुढचं सांग."

"पुस्तकात जीव नाही."

"जीव नाही! माझी नणंद ढसाढसा रडली वाचून."

"तुझी नणंद हवामानाच्या बातम्यांनाही रडते."

क्लॉडीनच्या ओठाचा कोपरा हलला, पण तिनं तो आवरला. "आणखी?"

"आणखी काय! मागच्या हिवाळ्यात तू ह्याच खुर्चीत बसायचीस आणि मी तुला माझ्या पणजीच्या गोष्टी सांगायची. पर्मिलिया गोऱ्यांची धुणी धुवायची. ओढ्याकाठी तिच्या कढया लागायच्या, आणि शेवटच्या कढईत कपडे नसायचे. मक्याची दारू असायची. खुद्द शेरीफ बाटली घेऊन जायचा! त्या कढईच्या पैशातून आपल्या देवळाची घंटा आली. घंटा चोरीला गेली, तर धुणं बडवायचं दांडकं घेऊन ती ओढ्यापलीकडे गेली आणि घेऊन आली. अशी बाई मी तुझ्या ओटीत घातली. आणि तू मला काय परत दिलंस? हातमोजे घातलेली मास्तरीण! लिंबाचा चहा पिते, बोट वर करून विचार करते, आणि चोर तिच्या पाया पडून रडतो. घंटा कुणा दयाळू सद्गृहस्थाची देणगी!"

"झालं?"

"झालं."

"मग आता माझं ऐक." क्लॉडीनच्या हातातली शेंग थांबली. "माझी आईही दुसऱ्यांची धुणी धुवायची. मी शाळेत गेले की पोरी माझ्या बाहीला नाक लावायच्या, साबणाचा वास येतोय का बघायला. जन्मभर आपल्याला लोकांनी मळकं म्हटलं, ओझेला. आणि आपल्या देवळाची पहिली गोष्ट मी लिहायची, आपली पोरं ती वाचणार, तर तिच्यात मी दारू गाळणारी बाई घालू? मी तिला स्वच्छ केलं. एवढाच ना माझा गुन्हा?"

साबणाच्या वासाची गोष्ट क्लॉडीननं इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. ओझेलाला वाटलं, उठावं आणि हिच्या डोक्यावरून हात फिरवावा, दोनाचे तीन करावेत, चारसुद्धा करावेत. पण डोळ्यांपुढं पर्मिलिया उभी राहिली, नाकावर साखळीला बांधलेला चष्मा लावून चहा पिणारी, आणि तिचा पुन्हा संताप झाला.

"तुझ्या आईचे हात कसे होते?"

"तडकलेले. हिवाळ्यात भेगांतून रक्त यायचं."

"ते हात तुला दिसले नाहीत, पर्मिलियाला हातमोजे चढवताना?"

"दिसले." क्लॉडीन उठली. ओटीतले सोललेले दाणे तिनं एकही न सांडता वाटीत ओतले. "दिसले म्हणूनच चढवले. पान काढायचं ओडमनं ठरवलंय, मी नाही सांगितलं. पण मी त्याला अडवणारही नाही. आणि माझ्या पुस्तकातली एक ओळ बदलणार नाही."

"मी एक पंखा बदलणार नाही."

"नकोच बदलू!"

जाळीचं दार आपटलं.

रविवारी देऊळ ओसंडून वाहत होतं. पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या पुढं, टोप्याच टोप्या, उभं राहायला जागा नाही. ओझेलानं पत्रक उलटलं. शेवटच्या पानावर, जिथं ती असायची, तिथं अंत्यविधीवाल्याची पानभर जाहिरात होती. शवपेट्या, सुलभ हप्त्यांनी. दोन बाकं पलीकडून डीकन ओडम छताकडे बघत होते.

तिनं पत्रकाची घडी केली आणि वाट बघत बसली. कारण पत्रक ओडमच्या हातात होतं, पण साक्षीची वेळ कुणाच्याच हातात नव्हती. पहिल्या गाण्यानंतर ज्याला आतून उठावंसं वाटेल त्यानं उठावं, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगावं. साक्ष देणाऱ्याला खाली बसवायचा अधिकार पाळकांनाही नाही. ही स्वीटगमची रीत देवळाला छप्पर नव्हतं तेव्हापासूनची.

एकानं बरं झालेल्या गुडघ्याची साक्ष दिली. एकीनं घरी परतलेल्या मुलाची. मग ओझेला उठली. पाळकसाहेब व्यासपीठावरून तिच्याकडे पाहून नेहमीसारखे हसले, आणि त्या हसण्यानं तिचा धीर जवळजवळ सुटलाच. आज हे हसू गेलं, तर पुन्हा येणार नाही कदाचित.

"प्रथम देवाला मान," ती म्हणाली, "मग आपल्या पाळकसाहेबांना, पाळकीणबाईंना आणि सगळ्या भावाबहिणींना मान. मी आज एका पुस्तकाची साक्ष देणार आहे. लिहून दिली होती, पण माझ्या जागेवर आज शवपेट्या आल्यात."

हशा पिकला. ओडमनी पंखा तोंडापुढं धरला.

"पुस्तकाची भाषा सुंदर आहे. मांजर सुंदर आहे. खोटं सांगणार नाही."

"खोटं सांगू नका!" मागून कुणीतरी दाद दिली.

"पण त्यात माझी पणजी आहे, आणि ती माझी पणजी नाही. माझी पणजी धुणं धुवायची."

"हो, धुवायची!"

"पहाटे उठायची, पाणी वाहायची, कढई मांडायची."

"मांडायची!"

"आणि शेवटच्या कढईत काय होतं, ते इथल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे!"

म्हाताऱ्यांच्या बाकातून असा हलकल्लोळ उठला की थर्मननं, ज्याचे हात बोलणाऱ्याच्या मागं जायलाच शिकले होते, न राहवून ऑर्गनवर एक सूर ठेवला. तो सूर ओझेलाच्या पायाखाली पायरीसारखा आला. ती त्यावर चढली. "कढई" हा शब्द लांबला, वळला, आणि तिला स्वतःलाच कळलं नाही की ती गातेय.

"घंटा कुणी दिली नाही हो, घंटा कमावली! काळ्या हातांनी कमावली, भेगाळल्या हातांनी कमावली! ज्या घंटेनं तुम्हाला आज बोलावलं, ती सद्गृहस्थाची नाही, ती धोबिणीची!"

"धोबिणीची!"

"मग तिचे हात झाकू नका!"

"झाकू नका!"

"देवाला चालले ते हात, मग आपल्याला का नको?"

लोक उभे राहिले होते. पाळक हेन्सवर्थ यांचे डोळे मिटलेले, चेहरा दगडी. पण खाली, व्यासपीठाच्या कडेला, त्यांचा उजवा बूट ताल धरत होता. चेहरा नवऱ्याचा होता, पाय मात्र देवाचा चाकर.

"चोर कोण ते तरी सांगा!" गॅलरीतून एक जण ओरडला.

"ते सांगणार नाही!" ओझेला गातागाताच म्हणाली. "पुस्तक विकत घे आणि बघ! दोन पंख्यांचं का असेना, आपल्या माणसाचं आहे!"

ती बसली तेव्हा अंगातलं सगळं बळ संपलं होतं. आमेनचा गजर हळूहळू ओसरला. आणि मग पहिल्या बाकावरून जांभळी, रुंद काठाची टोपी वर आली.

क्लॉडीन उभी राहिली. थर्मननं हात मांडीवर ठेवले.

"प्रथम देवाला मान," ती म्हणाली. आवाज रागानं थरथरत होता. "पाळकसाहेबांना मान. सगळ्या भावाबहिणींना मान. सिस्टर ओझेलालाही, आज जरा कमी."

कुणी हसलं, कुणी हसू दाबलं.

"एक ओळ बदलणार नाही मी. माझ्या आईचे हात मी झाकले नाहीत. तिनं स्वतः झाकले! आठवडाभर दुसऱ्यांची धुणी, आणि रविवारी पांढरे हातमोजे. आतून भेगांतलं रक्त लागायचं, ते शनिवारी धुवायची, रविवारी पुन्हा घालायची. एका बाईनं विचारलं, धोबिणीला कशाला हातमोजे? तर माझी आई म्हणाली, धोबीण ओढ्यावर राहिलीय, देवाकडे मी आलेय."

"बाप रे," कुणीतरी पुटपुटलं.

"ते हातमोजे मी पर्मिलियाला दिले. सिस्टर ओझेलाला त्यांच्या आतलं रक्त दिसलं नसेल, तर पुस्तक पुन्हा लिहायचं की तिचा चष्मा बदलायचा, ते माझं मी ठरवीन. पण हातमोजे निघणार नाहीत! आणि डीकन ओडम, लपू नका त्या पंख्यामागं. तिचं पान छापा. दोनच्या दोन पंख्यांसकट छापा. शेजारी माझं उत्तर छापा. माझं मोठ्या अक्षरांत!"

ओझेलाच्या अंगावर काटा आला. ही बाई, हा संताप, हातमोज्याच्या आतलं ते रक्त: कुठं होतं हे सगळं? एवढं जाडजूड पुस्तक तिनं दोनदा वाचलं होतं, आणि ही त्यात कुठंच भेटली नव्हती. पदराआड दिवा ठेवावा तशी मागं उभी होती की काय? कानशिलावरून घामाचा ओघळ उतरला, तिनं तो पुसलाही नाही. थर्मन अजून घुटमळत होता, पाळकीणबाईंच्या मागं जावं की न जावं.

ओझेला पुन्हा उठली. टाळी वाजवून सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सूर दे रे तिला, थर्मन! सांग, क्लॉडीन, सांग! आईचं नाव घेऊन सांग!"

क्लॉडीननं तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. हनुवटी वर केली, आईचं नाव घेतलं आणि सांगू लागली.