पत्रातला पांढरा फेस

मन्मथने तीन वर्षांत अमेरिकेहून अकरा पत्रं पाठवली. दहा शेतकीच्या शिक्षणाविषयी होती. ती कोणाला आठवत नाहीत. एक वॉफलविषयी होतं.

सिरसाळ्याला परदेशचं पत्र येणं म्हणजे सगळ्या पेठेला पत्र येणं. मन्मथचे वडील वारलेले, त्यामुळे पत्र त्याचा चुलता सिद्धेश्वर आपल्या दुकानात बसून मोठ्यानं वाचायचा. त्या पत्रात असं होतं: "इथं न्याहारीला वॉफल करतात. गव्हाचं पीठ, दूध आणि लोणी कालवून त्यात पांढरा फेस घालतात आणि जाळीच्या लोखंडी साच्यात भाजतात. वरून कुरकुरीत, आत पिवळंधमक आणि कापसासारखं हलकं. वर एका झाडाचा पाक ओततात. मी रोज दोन खातो."

ऐकणाऱ्यांत म्हाळू होता. त्यानं जालन्याच्या छावणीत एका साहेबाच्या बावर्चीखान्यात सहा वर्षं भांडी घासली होती. तो म्हणाला, "पांढरा फेस? त्यो तर अंड्याचा असतो."

सिद्धेश्वरने पत्राची घडी घातली. त्यांचं घर लिंगायत. त्या घरात अंडं खाणं सोडा, अंड्याचं नाव घ्यायचं झालं तर "पांढरं" म्हणत.

मन्मथ १९१२च्या दिवाळीनंतर परत आला. बरोबर एक ट्रंक आणि वॉफलचा साचा. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकुनाने तो साचा दोन दिवस ठेवून घेतला, कारण त्याला वाटलं की ह्यात खोटे रुपये पाडतात. रुपये चौकोनी नसतात हे वरिष्ठांनी मान्य केल्यावर तो सोडला.

घरी मन्मथचं ताट ओसरीवर मांडलेलं होतं, एकट्याचं. पंगत आत. मठाचे स्वामी, ज्यांना सगळा गाव आप्पा म्हणायचा, ते फैसला देईपर्यंत त्यानं आत जेवायचं नाही असं सिद्धेश्वरने ठरवलं होतं. मन्मथची आई बसम्मा रोज त्याला ओसरीवर वाढायची आणि स्वतः त्याच्यानंतर, आत, एकटी जेवायची. पंगतीत ती बसली नाही. असे तीन महिने गेले.

मी शेजारचा. आम्ही कुणबी. पुण्याहून बी.एस्सी. होऊन नोकरीची वाट बघत होतो. मी मन्मथला विचारलं, "फेस अंड्याचा होता का?"

"मला काय ठावं, बे गहिन्या? मी काय त्यांच्या सैपाकघरात गेलतो?"

"विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर कळलं असतं," मन्मथ म्हणाला.

आप्पांनी माघात फैसला दिला. पत्र त्यांनी तीनदा वाचून घेतलं. ते म्हणाले, "पोरगं म्हणतं, ठावं न्हाई. म्हाळू म्हणतो, अंडं. मग करून बघा. पत्रात लिहिलंय तसं, अंड्याबिगर, माझ्यासमोर. झालं तर पोराची पंगत मोकळी. न्हाई झालं तर त्यानं अंडं खाल्लं." म्हाळूला गवाह नेमलं. मोजमापाला मला नेमलं, कारण मी शिकलेला होतो आणि लिंगायत नव्हतो.

एखादी गोष्ट होऊ शकते, यावरून ती तशीच झाली होती हे सिद्ध होत नाही. पण हे मला कोणी विचारलं नव्हतं.

मुदत एक महिना मिळाली. मला त्यांच्या स्वैपाकघरात जायची मुभा नव्हती. मी उंबऱ्याबाहेर पाटावर बसायचो. जवळ वही, सोनाराकडून आणलेला तराजू आणि घड्याळ. आत चुलीपुढे बसम्माकाकू. साचा आधी निखाऱ्यात लाल करून शुद्ध केला, मग तीन दिवस तूप पाजलं.

पहिला प्रयोग दुधाच्या फेसाचा. रवीनं घुसळला की यायचा आणि पिठात पडायच्या आत बसायचा. जे तयार झालं त्याचं वजन चौदा तोळे भरलं. मन्मथने एक तुकडा तोडला आणि बराच वेळ चावला.

"कसं आहे?"

"गावाकडची याद येती," तो म्हणाला.

दुसरा प्रयोग रिठ्याचा. कल्पना माझी होती. फेस उत्तम आला. पुढचं लिहिण्यासारखं नाही.

तिसरा प्रयोग मी विचार करून सुचवला. आंबट ताकात आम्ल असतं. पापडखार अल्कली आहे. दोन्ही एकत्र आले की वायू सुटतो आणि पीठ फुगतं. बसम्माकाकूंनी चिमूटभर खार घातला. साच्याची झाकणी आपोआप बोटभर वर उचलली गेली. त्याच आकाराचं वॉफल, वजन नऊ तोळे. आत बारीक जाळी, एकसारखी. मी वहीत "यशस्वी" असं लिहून खाली रेघ ओढली.

काकूंनी ते मोडून आत पाहिलं. आत पांढरट होतं. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"खार नको," त्या म्हणाल्या.

"कावून?" मी विचारलं. मी प्रमाण मराठीच बोलतो, पण तेव्हा तोंडून तेच आलं.

"रंग बिघडतो."

"खार पांढरा असतो, काकू. रंग कसा बिघडेल?"

"तुला पुण्यात काय शिकिवलं रे इतकी वर्सं?" त्या म्हणाल्या आणि तवा घासायला लागल्या.

मी खाराच्या चवीचा, वासाचा, प्रमाणाचा विचार केला. कारण सापडलं नाही. "यशस्वी" या शब्दापुढे प्रश्नचिन्ह घातलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उडदाची डाळ भिजत टाकली. पाट्यावर लोण्यासारखी वाटली, परातीत घेतली आणि हातानं फेटायला बसल्या, एकाच दिशेनं. घड्याळात बावीस मिनिटं झाली. डाळ दुप्पट झाली आणि पांढरी शुभ्र. मग वाटीभर पाण्यात त्यांनी एक थेंब सोडला. तो बुडाला. आणखी सहा मिनिटं. पुन्हा थेंब. तो तरंगला.

"झालं," त्या म्हणाल्या. "दहीवड्याला आमी असंच बघतो."

हा घनतेचा प्रयोग मी पुण्यात दोन रुपयांच्या काचेच्या उपकरणानं केला होता. इतका स्वच्छ निकाल तेव्हा आला नव्हता.

हे वॉफल दहा तोळे भरलं. खारापेक्षा एक तोळा जड, आणि मेहनत अर्धा तास जास्त. मी तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, "भरू दे."

सोमवारी सकाळी मठाच्या अंगणात चूल मांडली. आप्पा चौरंगावर. सिद्धेश्वर त्यांच्या उजव्या हाताला, डोक्यावर नवा रुमाल बांधून. मन्मथ पायरीखाली उभा. बसम्माकाकूंनी डाळ सगळ्यांसमोर पातेल्यात फेटली. म्हाळूनं लांबून मान उंच करून पाहिलं.

"फेस तर तसाच हाय," तो म्हणाला. "पर आमचा खानसामा एक करायचा. पातेलं उलटं धरायचा. पडलं न्हाई म्हंजी खरा फेस."

"मग धरा उलटं," सिद्धेश्वर म्हणाला. "सोक्षमोक्ष होऊ द्या."

"धरते की," काकू म्हणाल्या. "पर खाली कुणी बसल्याबिगर लोकांला पटायचं न्हाई. भावजी, तुमीच या."

"मी कावून?"

"तुमालाच पटायचं हाय."

आप्पांनी सिद्धेश्वरकडे पाहिलं. तो उठून चुलीपाशी येऊन बसला. काकूंनी पातेलं त्याच्या रुमालावर उलटं धरलं. मी बारा आकडे मोजले. काही पडलं नाही. सिद्धेश्वरने डोळे मिटले होते. ते त्यानं तेराव्या आकड्याला उघडले.

"खरा फेस," म्हाळू म्हणाला.

मग काकूंनी गव्हाचं सपीट घेतलं, वितळलेलं लोणी, दूध, आणि घरून झाकून आणलेल्या तांब्यातलं ताक. ताक ओतताना ऊन तिरपं पडलं होतं. धार किंचित पिवळी दिसली.

ताक पिवळं नसतं.

मला तेव्हा कळलं. हळद खारात पडली की लाल होते. तसंच तर कुंकू करतात, आणि ते या मुलखातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. आंबट ताकात मात्र हळद पिवळीच राहते. पत्रात "आत पिवळंधमक" असं लिहिलं होतं, आणि पीठ, दूध, उडीद या कशानंच काही पिवळं होत नाही. अमेरिकेतलं वॉफल कशानं पिवळं होत असेल, याचा विचार काकूंनी माझ्याआधी केला होता. बहुतेक पत्र पहिल्यांदा वाचलं त्याच दिवशी.

साचा उघडला. वॉफल वर तांबूस, जाळी पूर्ण उठलेली. मी वजन केलं. पावणेदहा तोळे. आप्पांनी मोडलं. कर्र असा आवाज झाला. आत पिवळंधमक.

"पत्रात लिहिलंय तसं," आप्पा म्हणाले.

"आप्पा," सिद्धेश्वर म्हणाला, "पर हे पिवळं कशानं झालं?"

काकू साच्याला तूप लावत होत्या. हात थांबला नाही. मन्मथनं आईकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या पायांकडे.

आप्पा माझ्याकडे वळले. "गहिनीनाथ, तू शिकलेला. कशानं झालं?"

हळद काही निषिद्ध नव्हती. पण मी हळद म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न होता: कशासाठी घातली? आणि त्याला एकच उत्तर होतं.

"अंड्यानं नाही," मी म्हणालो. "एवढं खात्रीनं सांगतो."

"मग सिद्ध झालं?"

"अंड्याशिवाय होतं, हे सिद्ध झालं."

दोन्ही वाक्यं खरी होती. मी ती नंतर पुष्कळदा तपासली.

आप्पांनी मन्मथला वर बोलावलं, कपाळाला भस्म लावलं, तीर्थ दिलं. दुपारी घरात पंगत बसली. मी बाहेरच्या पाटावरून पाहिलं. मन्मथ सिद्धेश्वरच्या शेजारी बसला होता. काकूंनी त्याच्या ताटात वॉफल वाढलं आणि झाडाच्या पाकाऐवजी काकवी घातली.

"असंच होतं का रे?" पंगतीतल्या कोणीतरी विचारलं.

मन्मथनं घास गिळला. "ह्याच्याइतकं हलकं न्हवतं," तो म्हणाला, आणि आईकडे न बघता ताट पुढं केलं. काकूंनी दुसरं वाढलं. मग चार महिन्यांत पहिल्यांदा पंगतीच्या टोकाला पाट घेऊन त्या स्वतः बसल्या.

संध्याकाळी मी तराजू परत न्यायला आलो. काकू ओसरी सारवत होत्या, मन्मथचं ताट मांडायच्या तेवढ्या जागेपासून सुरुवात करून.

"गहिनी, त्या वहीत काय काय लिहिलं?"

मी वाचून दाखवलं. "उडदाची डाळ एक शेर. सपीट अर्धा शेर. लोणी, दूध, ताक."

"आन?"

"आणखी काय घातलं होतं?"

त्यांनी शेणाचा हात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"मीठ," त्या म्हणाल्या. "चिमूटभर."

मी मीठ लिहिलं.